तळटीप : परमिट

१. परमिट : मराठी वाचकाला हा शब्द मुंबई प्रांताच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यापासून ओळखीचा आहे, तिथे परवाना प्रामुख्याने प्रकृतीच्या कारणावरून मिळे. इथे अभिप्रेत असलेला पाकिस्तानी परवाना धर्मावरून मिळतो. झुल्फिकार अली भुट्टो यांनी १९७७ साली, निवडणुकीनंतरचे आंदोलन पेटलेले असताना, मुसलमानांसाठी दारूबंदी जाहीर केली. त्याच वर्षी सत्ता बळकावणाऱ्या झिया-उल-हक यांनी १९७९च्या हुदूद फर्मानांतून तिला शरियतचा आधार दिला. पिणाऱ्या मुसलमानाला ८० फटके ही त्यातली 'हद्द' शिक्षा. मात्र तिच्यासाठी कबुली किंवा दोन प्रौढ मुसलमान पुरुषांची साक्ष लागते. हिंदू, ख्रिस्ती, पारशी यांना परवान्यावर ठरावीक दारू घेता येते. इंग्रजांच्या काळात, १८६०मध्ये निघालेली मरी ब्रुअरी रावळपिंडीत आजही चालू आहे. तिची धुरा भांडारा या पारशी घराण्याकडे आहे.

पण परवान्याच्या दुकानातली बाटली गरिबाला परवडत नाही. मार्च २०१६मध्ये सिंधमधल्या टंडो मुहम्मद खान इथे होळीच्या सुमारास विषारी दारूने ४०हून अधिक माणसे दगावली, त्यांत बहुतेक हिंदू. त्याच वर्षी नाताळात पंजाबातल्या टोबा टेक सिंग इथल्या ख्रिस्ती वस्तीत ३०हून अधिक गेली. या प्रकरणात 'परमिट' हा शब्द जिथे जिथे येईल, तिथे वाचकांनी ही दोन गावे ध्यानात ठेवावीत.