धीराचें काव्य आणि त्याचें अध्यापन

शाळेच्या क्रमिक पुस्तकांत ज्या कविता पिढ्यानुपिढ्या टिकून राहिल्या आहेत, त्यांत धीर, चिकाटी व निश्चय यांचें गुणगान करणाऱ्या कवितांचा वांटा मोठा आहे. याचें कारण उघड आहे. मुलानें संकटापुढें नमूं नये असें आईबापांना वाटतें, शिक्षकाला वाटतें आणि पुस्तक मंजूर करणाऱ्या सरकारलाही वाटतें. इतकें एकमत दुसऱ्या कोणत्याही काव्यविषयासंबंधीं क्वचितच आढळेल. परंतु या एकमतामुळेंच अशा कवितांचें एक विशेष नुकसान झालें आहे. त्या वाचण्यापूर्वींच त्यांचें तात्पर्य ठरून गेलेलें असतें. ‘या कवितेपासून कोणता बोध मिळतो?’ असें शिक्षकानें विचारावें आणि ‘प्रयत्न सोडूं नये’ असें वर्गानें एकमुखानें सांगावें, हा परिपाठ कोणाच्या परिचयाचा नाहीं? हें उत्तर कविता न वाचतांही देतां येतें. मग ती वाचावयाची कशाला? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचें उत्तर मिळविण्यासाठीं अशा दोनचार कवितांचा इतिहास पाहणें उपयुक्त होईल.

इंग्रजी कवयित्री फेलिशिया हेमन्स हिची ‘कॅसाबियांका’ ही कविता १८२६ मध्यें प्रसिद्ध झाली. १७९८ च्या ऑगस्ट महिन्यांत नाईल नदीच्या मुखाजवळ इंग्रज व फ्रेंच आरमारांची जी लढाई झाली, तींत ‘लोरियां’ नांवाचें फ्रेंच जहाज पेटलें व स्फोट होऊन बुडालें. त्या जहाजाच्या कप्तानाचा लहान मुलगा शेवटपर्यंत आपल्या जागेवरून हलला नाहीं, या आख्यायिकेवर ही कविता रचलेली आहे. वडिलांच्या आज्ञेवांचून जागा सोडावयाची नाहीं म्हणून मुलगा ज्वाळांमध्यें उभा आहे, आणि आज्ञा देणारा बाप खालीं निश्चेष्ट पडला आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड व अमेरिका येथील असंख्य मुलांनीं ही कविता मुखोद्गत केली. इंग्लंडांत १८६२ च्या नियमावलीनें शाळांचें सरकारी अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व गणित या विषयांतील परीक्षेवर अवलंबून ठेवलें होतें. पुढें काव्यपठणालाही अशा परीक्षेंत स्थान मिळालें. तपासनिसापुढें मुलांना न अडखळतां म्हणून दाखवितां येईल अशी ठळक तालाची कविता शिक्षकाला हवी होती, आणि ही तशीच होती.

या घोकंपट्टींत काय हरवलें तें पाहण्यासारखें आहे. कवितेंतील मुलगा बापाला एकदां नव्हे, पुनःपुन्हां हांक मारतो. त्याला उत्तर मिळतें तें तोफांचें आणि आगीचें. स्फोटानंतर मुलगा कोठें आहे, असा प्रश्न कवयित्रीच विचारते. शेवटीं ती त्याच्या निष्ठेचा गौरव करते हें खरें. परंतु तो गौरव अवशेष तरंगत असलेल्या समुद्राकडे पाहून केलेला आहे. हेमन्स हिचा पति १८१८ मध्यें तिला सोडून इटलीस गेला आणि पांच मुलगे तिनें आपल्या लेखणीच्या मिळकतीवर वाढविले. अशा मातेनें लिहिलेल्या या कवितेंत केवळ आज्ञापालनाची स्तुति आहे, कीं जी आज्ञा मागें घेण्यास कोणी उरलें नाहीं तिच्यापायीं गेलेल्या मुलाविषयींचा शोकही आहे? हा प्रश्न परीक्षेच्या पद्धतींत बसणारा नव्हता. मुलांनीं मात्र या कवितेचीं अनेक विडंबनें रचून त्या पठणाला आपल्या परीनें उत्तर दिलें.

आपल्याकडील परंपरा निराळी असली तरी तींतही याच जातीची एक अडचण आहे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनीं संपादिलेला ‘नवनीत’ हा मराठी कवितांच्या वेंच्यांचा ग्रंथ १८५४ मध्यें निघाला, आणि प्राचीन मराठी कवितेचा परिचय अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांना त्याच ग्रंथानें करून दिला. त्याचे उपकार मोठे आहेत. तथापि वेंचा म्हटला कीं तो मूळ कथेपासून वेगळा होतो. आख्यानांतील एखाद्या पात्रानें विशिष्ट प्रसंगीं, विशिष्ट माणसास उद्देशून काढलेले उद्गार सुटे झाले कीं ते सर्वांना सर्वकाळीं लागू असलेल्या सुभाषितासारखे भासूं लागतात. कोण बोललें व कां बोललें हें विसरलें जातें. बोध तेवढा शिल्लक राहतो.

निवड करणाराचा हात कवितेवर कसा उमटतो याचें याहूनही स्पष्ट उदाहरण म्हणजे विल्यम अर्नेस्ट हेन्ले याची ‘इन्व्हिक्टस’ ही कविता. हेन्लेला लहानपणापासून हाडांचा क्षय होता व त्यामुळें त्याचा डावा पाय गुडघ्याखालीं कापावा लागला होता. दुसराही पाय जाण्याची वेळ आली तेव्हां १८७३ मध्यें तो एडिंबराच्या रुग्णालयांत जोसेफ लिस्टर या शस्त्रवैद्याकडे गेला. जखमेंत विषबाधा होऊं नये म्हणून कार्बोलिक आम्लाचा उपयोग करण्याची जी पद्धति लिस्टरनें रूढ केली, तिच्या साह्यानें हा पाय वांचला. पण हेन्लेला दीड वर्षाहून अधिक काळ खाटेवर काढावा लागला. प्रस्तुत कविता १८७५ मधील आहे. १८८८ मध्यें ती त्याच्या संग्रहांत छापली गेली तेव्हां तिला शीर्षक नव्हतें. ‘अजिंक्य’ या अर्थाचें हें लॅटिन नांव तिला १९०० मध्यें आर्थर क्विलर-कूच यानें आपल्या ‘ऑक्सफर्ड बुक ऑफ इंग्लिश व्हर्स’ या निवडक काव्यसंग्रहांत दिलें.

नांवानें एवढा काय फरक पडतो, असें कोणी म्हणेल. फरक पडतो तो असा. शीर्षक नसतांना ही कविता म्हणजे एका आजारी तरुणाचा अंधारांतील उद्गार आहे. त्याचा पाय राहील कीं जाईल हें अद्याप ठरलेलें नाहीं. ‘अजिंक्य’ हें नांव वर लिहिलें कीं लढाईचा निकाल पहिल्या ओळीपूर्वींच लागून जातो आणि वाचक केवळ विजयाचा समारंभ पाहावयास बसतो. त्यांतून कवितेंत रोगाचें, रुग्णालयाचें किंवा माणसाचें नांवही नाहीं. तिचा भार सर्वस्वीं अमूर्त आहे. त्याच संग्रहांत हेन्लेनें रुग्णालयावर लिहिलेल्या अनेक कविता आहेत. त्यांत वाट पाहण्याची खोली आहे, शस्त्रक्रियेपूर्वींची धास्ती आहे, भूल उतरतांनाची अवस्था आहे, शेजारच्या खाटांवरचीं माणसें आहेत. त्या कवितांना शाळेंत प्रवेश मिळाला नाहीं, कारण त्यांतून एका वाक्याचा बोध निघत नाहीं. वास्तविक या कविता जवळ ठेवून वाचल्यावांचून त्या प्रसिद्ध कवितेंतील ताठरपणाची किंमत कळतच नाहीं.

बोध तेवढा घेतला म्हणजे काय होतें हें विसाव्या शतकाच्या इतिहासानें फार विलक्षण रीतीनें दाखविलें. नेल्सन मंडेला यांना रॉबेन बेटावरील तुरुंगांत याच कवितेनें बळ दिलें. सहकारी बंदिवानांनाही ते ती म्हणून दाखवीत. उलट, १९९५ मध्यें अमेरिकेंतील ओक्लाहोमा शहरांत बाँबस्फोट घडवून १६८ माणसांचे प्राण घेणाऱ्या टिमथी मॅक्व्हे यानें २००१ मध्यें देहान्त शिक्षेच्या वेळीं आपलें अखेरचें निवेदन म्हणून हीच कविता स्वहस्तें लिहून दिली. दोघांनीही अक्षरें तींच वाचलीं. न नमणें हा जर स्वयमेव सद्गुण असेल, तर या दोघांत भेद करण्यास आपल्यापाशीं साधन उरत नाहीं. धीर कशासाठीं धरला, कोणासाठीं धरला व त्याचें मोल कोणीं दिलें, हे प्रश्न विचारले तरच तो भेद दिसतो. आणि वर्गांत आपण नेमके हेच प्रश्न गाळीत आलों आहोंत.

या ठराविक वाचनाची पहिली पद्धतशीर झडती केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनीं घेतली. त्यांनीं कवीचें नांव व काळ न सांगतां विद्यार्थ्यांच्या हातीं कविता दिल्या आणि प्रत्येकाकडून मोकळेपणानें मत लिहून घेतलें. तेरा कवितांवरील या मतांचें परीक्षण ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या त्यांच्या ग्रंथांत १९२९ मध्यें प्रसिद्ध झालें. बहुतेक विद्यार्थी साहित्याचाच विशेष अभ्यास करणारे होते. तरीही पुष्कळांना कवितेचा सरळ अर्थसुद्धां लागला नव्हता. वाचनांतील ज्या दहा अडचणी रिचर्ड्स यांनीं नोंदविल्या, त्यांपैकीं दोन येथें विशेष महत्त्वाच्या आहेत. एक, शब्द दिसतांच मनांत आधींपासून तयार असलेला प्रतिसाद उमटणें. दुसरी, कवितेंतील मत आपल्याला मान्य आहे कीं नाहीं यावरच तिची परीक्षा करणें. धीराच्या कवितेच्या वाचनांत या दोन्ही अडचणी हातांत हात घालून येतात. अर्थात् नांव-गांव काढून टाकण्याची ही रीति शेवटपर्यंत चालवली, तर हेन्लेची खाटही दिसणार नाहीं. म्हणून प्रथम कविता जशी आहे तशी वाचावी आणि मागाहून तिचा इतिहास सांगावा, हा क्रम योग्य वाटतो.

‘भार कसला आहे?’ या एका प्रश्नानें कविता कशी उघडते याचें चांगलें उदाहरण लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय अमेरिकन कवीच्या ‘मदर टु सन’ या कवितेंत मिळतें. ती १९२२ च्या डिसेंबरांत ‘द क्रायसिस’ या मासिकांत आली, तेव्हां कवि विशीच्या आरंभींचा तरुण होता. बोलणारी आहे एक आई आणि ऐकणारा तिचा मुलगा. आपलें आयुष्य म्हणजे कांहीं स्फटिकाचा जिना नव्हे, असें ती त्याला समजावते. तिचा जिना लांकडी आहे. त्यांत खिळे व कुसळें आहेत, फळ्या उखडलेल्या आहेत, कांहीं ठिकाणीं पायाखालीं अंथरूण नाहीं, कोठें दिवाही नाहीं. उपदेश येतो तो एवढें सांगून झाल्यावर; आणि तोही वर पोंचलेल्या माणसाचा नव्हे, अजून चढत असलेल्या बाईचा. तिची भाषा ग्रंथांतील नसून घरांतील आहे. दुसऱ्यांच्या घरचे जिने झाडणें ज्या समाजांतील बायकांच्या नशिबीं आलें होतें त्यांतील ती आहे, हें ध्यानांत आलें म्हणजे जिन्याची उपमा सहज सुचलेली नाहीं हेंही विद्यार्थ्याला कळतें. ‘प्रयत्न सोडूं नये’ हा बोध येथेंही आहेच, पण त्याला आतां अंग आहे, वय आहे, थकवा आहे.

अशा चिकित्सेनें कवितेंतील रस आटतो, अशी एक जुनी तक्रार आहे. परंतु तात्पर्याच्या पद्धतीनें होणारी हानि याहून मोठी आहे. ज्यानें धीर धरला तो जिंकला असें वर्षानुवर्षें शिकविलें, तर जो हरला त्यानें धीर धरला नसावा, हा उलट सिद्धान्त मुलांच्या मनांत आपोआप रुजतो. परीक्षेंत नापास झालेलें मूल, घरांत दीर्घ दुखणें पाहणारें मूल, बाप गमावलेलें मूल याच वर्गांत बसलेलें असतें. त्याच्या कानांवर ही कविता उत्तेजन म्हणून पडते कीं दूषण म्हणून, हें ती कशी शिकविली जाते यावर अवलंबून आहे.

या दृष्टीनें मराठीतील एक सर्वपरिचित कविता मुद्दाम पाहण्यासारखी आहे. कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता एका विद्यार्थ्याची व त्याच्या सरांचीच आहे. पुरानें संसार वाहून गेलेला जुना विद्यार्थी भिजलेल्या कपड्यांनीं सरांच्या दारीं येतो. तो नदीला शिव्या देत नाहीं. घरीं आलेल्या पाहुणीचें, माहेरीं आलेल्या लेकीचें कौतुक सांगावें तसें तो तिच्याविषयीं बोलतो. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. त्या नात्यांतूनच ही उपमा आली आहे. घर मोडणारीला घरची लेक म्हणणारा माणूस आंतून मोडलेला नाहीं, हें त्या एका उपमेनेंच कळतें. निराळा बोध सांगावा लागत नाहीं. मग सरांचा हात खिशाकडे जातो. हें सरांचें वाचन चुकलेलें आहे. समोरच्या माणसाचा भार पैशाचा आहे असें त्यांना वाटलें. विद्यार्थी हंसत उठतो आणि आपण कशासाठीं आलों तें सांगतो: एकटेंपण वाटलें म्हणून. त्याला पाठीवर हात हवा आहे आणि लढण्यास सांगणारा एक शब्द हवा आहे.

हेन्लेच्या कवितेंतील माणूस एकटाच उभा राहतो व त्यांतच आपला गौरव मानतो. ‘कणा’मधील माणूस बायकोला बरोबर घेऊन पडकी भिंत बांधतो, चिखल उपसतो, आणि तरीही सरांकडे येतो. दोघेही धीराचेच, पण एकाच तात्पर्यांत दोघांना कोंबलें, तर दुसऱ्याचें येणें निरर्थक ठरेल. धीर धरणाऱ्यालाही कोणीतरी लागतें, हें या कवितेंत आहे आणि ‘प्रयत्न सोडूं नये’ या वाक्यांत नाहीं. म्हणून ही कविता शिकवितांना शिक्षकानें वर्गाला प्रथम एवढेंच विचारावें, कीं सरांचा हात खिशाकडे कां गेला आणि तो तेथें जावयास नको होता हें त्यांना केव्हां कळलें. त्याचें उत्तर शोधावयास मुलांना कविता पुन्हा वाचावी लागेल.