तूरे, अली फार्का

(१९३९–मार्च २००६). पश्चिम आफ्रिकेतील माली देशाचा लोकसंगीतकार, गायक व गिटारवादक. जन्म टिंबक्टू परिसरातील नायजर नदीकाठच्या कानाऊ या खेड्यात. त्याच्याआधीचे नऊ मुलगे बालपणीच दगावले. हा दहावा तेवढा जगला. या चिवटपणामुळे त्यास ‘फार्का’ (गाढव) हे टोपणनाव मिळाले. वडील फ्रेंच सैन्यात असताना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मरण पावले व कुटुंब त्याच नदीवरील न्याफुंके येथे स्थायिक झाले. शालेय शिक्षण त्यास लाभले नाही. शेती हा त्याचा अखेरपर्यंतचा व्यवसाय होता.

मालीमध्ये गायनवादन हा प्रामुख्याने ग्रिओ या वंशपरंपरागत भाटवर्गाचा व्यवसाय. तूरे त्या वर्गातला नव्हता. लढवय्येपणाचा वारसा सांगणाऱ्या त्याच्या घराण्यास संगीत कमीपणाचे वाटे. त्यामुळे ग्रिओंची तालीम त्यास मिळाली नाही. परंतु धनिकांच्या स्तुतिपर गीते गाण्याचे बंधनही उरले नाही. त्यास ओढ लागली ती नदीतील अदृश्य शक्तींना आवाहन करणाऱ्या सोंघाय विधिसंगीताची. बाराएक वर्षांचा असताना त्याने ‘गुरकेल’ हे एकतारी वाद्य स्वतः बनविले. पुढे १९५६ मध्ये गिनीच्या फोदेबा केइता याचे गिटारवादन ऐकून त्याने गुरकेलवरील सुरावटी व बोटांच्या हालचाली गिटारवर उतरविल्या. त्याची शैली घडली ती येथेच. सोंघाय, फुलानी, तामाशेक इ. भाषांत त्याने गीते गायिली.

त्याच्या वादनाचे जॉन ली हूकर या अमेरिकन ब्लूजगायकाच्या वादनाशी असलेले साम्य सर्वश्रुत आहे. १९६८ च्या सुमारास हूकरच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकल्या, तेव्हा ते आपल्याच मुलखातील संगीत असल्याचे तूरेस वाटले. ब्लूजची मुळे आफ्रिकेत आहेत, हे मत तो आग्रहाने मांडी व ‘आफ्रिकेचा हूकर’ हे बिरुद त्यास रुचत नसे. पंचस्वरी सुरावट व एका आधारस्वराभोवती घोटाळणारी चाल ही दोन्हींकडील साम्यस्थळे त्याच्या मतास पोषक आहेत. तथापि त्याच्या उपलब्ध ध्वनिमुद्रिका बव्हंशी हूकर ऐकल्यानंतरच्या आहेत, हेही विसरता येत नाही. त्यांवरून थेट वंशावळ मांडणे धाडसाचे ठरेल. गुरकेलवरील पाया मात्र निःसंशय त्याहून आधीचा आहे.

१९७० नंतरच्या दशकात तो रेडिओ मालीत ध्वनितंत्रज्ञ होता. त्याच काळात पॅरिसमध्ये त्याच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. १९८७ मध्ये लंडनच्या वर्ल्ड सर्किट या संस्थेने त्याचे संगीत यूरोपात पोहोचविले. राय कूडरसमवेतच्या ‘टॉकिंग टिंबक्टू’ (१९९४) या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी पुरस्कार लाभला. (याच कूडरने तत्पूर्वी विश्वमोहन भट्ट यांच्यासमवेत वादन केले होते.) कीर्ती व अर्थप्राप्ती होऊनही तूरेने दौरे कमी केले. पिके सोडून तो येईना, तेव्हा ध्वनिमुद्रणाची सामग्रीच न्याफुंकेला नेण्यात आली व शेतीच्या कामांतून मिळणाऱ्या सवडीत ‘न्याफुंके’ (१९९९) तयार झाली. मिळकतीचा मोठा भाग त्याने सिंचन, रस्ते व गटारे यांवर खर्च केला. २००४ मध्ये तो तेथील महापौर झाला.

कोरावादक तुमानी जाबातेसमवेतच्या ‘इन द हार्ट ऑफ द मून’ (२००५) या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी मिळाल्यानंतर काही आठवड्यांतच अस्थिकर्करोगाने त्याचे बामाको येथे निधन झाले. ‘सव्हान’ (२००६) मरणोत्तर प्रसिद्ध झाली. मुलगा व्ह्यू फार्का तूरे हाही गिटारवादक झाला. मात्र त्याने सैन्यात जावे अशी पित्याची इच्छा होती व संगीताच्या व्यवसायास त्याने प्रारंभी विरोधच केला होता.