मेणवलीचा वाडा व भानूंचें दफ्तर

संगमनेरासारख्या जुन्या कसब्यांत राहणारास एक दृश्य अपरिचित नाहीं. वाडा उतरतो, लांकूड विकलें जातें, आणि माळ्यावरचे रुमाल रद्दीवाल्याकडे किंवा संग्राहकाकडे जातात. कागद वांचला तरी तो कोणत्या घरचा, हें ज्ञान लोपतें. या हानीचें स्वरूप स्पष्ट व्हावें म्हणून, ज्याचा वाडा व दफ्तर हीं दोन्हीं सुदैवानें राहिलीं, त्या मेणवलीचें उदाहरण येथें घेतों.

मेणवली हें वाईजवळचें कृष्णाकांठचें गांव. इ. स. 1768 मध्यें भवानराव त्रिंबक पंतप्रतिनिधि व रघुनाथ घनश्याम मंत्री यांनीं तें नाना फडणीस यांस दिलें. नानांनीं तेथें सहा चौकांचा वाडा, नदीस घाट व देवालयें बांधिलीं. घाटावरील घंटा मात्र परमुलखांतली आहे. तीवर 1707 हें साल व बालयेशूसह मेरीची आकृति आहे. 1739 च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांनीं आणिलेल्या पोर्तुगीज घंटांपैकीं ही एक. घंटेची जन्मकथा तिच्या अंगावरच कोरलेली असते. कागदाचें तसें नाहीं.

भानूंचें घराणें मूळ कोंकणांतील वेळासचें. नानांचे आजे बाळाजी महादेव 1719 मध्यें दिल्लीस पेशव्यांच्या कामीं पडले. स्वतः नाना 13 मार्च 1800 रोजीं निपुत्रिक वारले. पत्नी जिऊबाई अल्पवयी, आणि दुसऱ्या बाजीरावाची दृष्टि नानांच्या दौलतीवर! अशा स्थितींत लोहगडचे किल्लेदार धोंडोपंत यांनीं बाईंस आश्रय दिला. 1804 मध्यें जनरल आर्थर वेलस्ली यांच्या मध्यस्थीनें सालीना 12,000 रुपयांची नेमणूक होऊन बाई पनवेलीस राहिल्या. पुढें मेणवलीची मिळकत त्यांस परत मिळाली व दत्तकानें घर चालू राहिलें. वाडा नानांच्या नांवानें ओळखला जातो. तो राखिला मात्र जिऊबाईंनीं, असें म्हणणें वावगें होणार नाहीं. घर टिकलें म्हणूनच दफ्तर टिकलें, असें आमचें अनुमान आहे.

रा. ब. दत्तात्रय बळवंत पारसनीस (1870–1926) यांनीं हें दफ्तर मिळवून साताऱ्यास आणिलें; त्यांचा संग्रह 1939 मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला. कागदांनीं जागा दोनदां बदलली, तथापि ‘मेणवली दफ्तर’ हें नांव सुटलें नाहीं, हें महत्त्वाचें. मोडी पत्रांत पुष्कळदां मिति असते, साल नसतें. तें साल शेजारच्या कागदांवरून ठरवावें लागतें. तसेंच, बिनमुद्रेचा कागद आलेल्या पत्राची नक्कल कीं धाडावयाच्या पत्राचा मसुदा, याचा निर्णय तो कोणाच्या घरीं सांपडला यावर अवलंबून असतो. एकेक सुंदर पत्र निवडून विकलें, म्हणजे हा सर्व पुरावा बुडाला.

म्हणून संग्राहक बंधूंस इतकीच विनंति कीं, रुमाल सोडण्यापूर्वीं गांव, घर, कागद ठेवल्याची जागा व बांधणीचा क्रम एका कागदावर टिपून तो रुमालांतच ठेवावा. वाडे सर्वच राखणें आपल्या हातीं नाहीं. कागद कोणत्या घरचा हें लिहून ठेवणें आहे.