समुद्राची वैरण

गाईच्या ढेकरेवर विद्यापीठांतून प्रयोग चालले आहेत, असे आमच्या धर्मग्रामातील गुरे सांभाळलेल्या जुन्या मंडळींना सांगितले, तर ती प्रथम हसतील. आम्हीही हसलो होतो. परंतु विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्यातून निघणारा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून त्यांतील काही जीव मिथेन वायू बनवतात व तो ढेकरेवाटे हवेत जातो. तिथे तो सुमारे १२ वर्षे टिकतो; मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने, वजनास वजन धरले, तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता अडवतो. यावर सध्या जो उपाय गाजतो आहे, तो म्हणजे गुरांना समुद्रशेवाळ चारणे.

हा उपाय नवा. ही वैरण मात्र फार जुनी. आणि तिचा इतिहास पाहू जाता तो बहुतांशी भुकेचाच इतिहास आहे. ज्यूलियस सीझरच्या आफ्रिकेतील मोहिमेचा एक लॅटिन वृत्तांत आहे. त्याचा लेखक कोण, हे पंडितांना ठरवता आलेले नाही. इ. स. पूर्व ४६ मध्ये शत्रूने कोंडी केली असता सैन्याजवळची वैरण संपली. तेव्हा जुन्या, मुरलेल्या शिपायांनी किनाऱ्यावरचे शेवाळ गोळा केले, गोड्या पाण्यात धुतले आणि उपाशी जनावरांपुढे टाकून त्यांचा जीव तगवला. शेवाळ धुऊन घ्यावे हे त्यांना कोणी शिकवले, ते वृत्तांतकार सांगत नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी द्वीपसमूहात नॉर्थ रोनल्डसे नावाचे चिमुकले बेट आहे. अठराव्या शतकात या द्वीपसमूहात शेवाळ जाळून राख करण्याचा मोठा धंदा चाले. काच व साबण यांच्या कारखान्यांना ती राख लागे. राबत कुळे आणि पैसा मिळे जमीनदारांना. १८३०च्या सुमारास हा धंदा बसला. मग जमिनीची नवी आखणी झाली आणि सुपीक जमीन पिके व गाई यांच्यासाठी राखून ठेवण्याकरिता १८३२ मध्ये बेटाभोवती सुमारे २० किलोमीटर लांबीची, माणसाएवढी उंच दगडी भिंत घालण्यात आली. मेंढरे भिंतीबाहेर राहिली. पुढे खडक आणि समुद्र, मागे भिंत. खायला शेवाळाखेरीज फारसे काही नाही. ती जगली! विण्याच्या हंगामात माद्या व कोकरे काही महिने आत गवतावर आणतात. एरवी ओहोटी लागली की कळप खडकांवर उतरतो आणि भरती आली की वर येऊन रवंथ करतो. त्यांचा दिवस सूर्यावर नव्हे, चंद्रावर चालतो. शेवाळात तांबे अल्प असल्याने कणकण शोषून घेण्याची सवय त्यांच्या शरीराला इतकी जडली आहे, की साध्या गवतातील तांबेही त्यांना विषासारखे बाधू शकते. डिसेंबर २०१२च्या वादळाने भिंतीला मोठी भगदाडे पाडली. ती बुजवण्यासाठी पुढे बाहेरगावाहून स्वयंसेवक येऊ लागले.

या साऱ्या काळात जनावरांच्या ढेकरेचा विचार कोणी केला नव्हता. तो योग आला कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर, तोही आडवाटेने. किनाऱ्यालगत चरणाऱ्या, वादळाने फेकलेले शेवाळ खाणाऱ्या आपल्या गाई इतर गाईंपेक्षा धडधाकट असतात, हे तेथील एका दूधवाल्या शेतकऱ्याने हेरले. असे खाद्य विकायचे तर सरकारला पुरावा हवा, म्हणून तो संशोधकांकडे गेला. त्यांनी पचन तपासले, तर मिथेनही घटलेला! रॉबर्ट किनली यांनी ते निष्कर्ष २०१५ मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले; घट सुमारे एक-पंचमांश होती. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शेवाळाच्या २० जाती काचपात्रात तपासल्या. ॲस्परागॉप्सिस नावाच्या तांबूस शेवाळाने मिथेन जवळजवळ ९९ टक्के घटवला. हवाईचे मूळ रहिवासी हे शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या तोंडी लावणे म्हणून खात आले आहेत. त्यातील ब्रोमोफॉर्म हे द्रव्य मिथेन बनवण्याच्या शेवटच्या पायरीवर खीळ घालते.

काचपात्र म्हणजे गाय नव्हे, हे खरे. पण २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात २१ बैलांवर १४७ दिवस प्रयोग झाला आणि खाद्यात अर्ध्या टक्क्याइतके शेवाळ घालून काही खाद्यांवर ८० टक्क्यांहून अधिक घट दिसली. त्याच वर्षी नेदरलँड्समधील एका प्रयोगात मात्र गाईंनी या खाद्याकडे तोंड फिरवले आणि काही वेळा दुधात ब्रोमोफॉर्म सापडले. ज्या घरी लेकरांना तेच दूध पाजायचे, तिथे ही शंका पुरती फिटल्याशिवाय घाई कशी करावी? गोठ्यातल्या गाईला रोज मापून खाद्य देता येते. माळावर चरणाऱ्या गुराचे काय? २०२४ मध्ये चरणाऱ्या गुरांवरील प्रयोगाचे निष्कर्ष आले, त्यात घट सुमारे ३८ टक्के होती. तीही थोडी नव्हे.

आपल्या देशात २०१९च्या पशुगणनेत गाई-बैल १९ कोटींवर आणि म्हशी सुमारे ११ कोटी भरल्या. यांतील पुष्कळशी जनावरे दोन-तीन दावणींच्या धन्याकडे, पेंढ्यावर आणि बांधावरच्या गवतावर जगतात. कॅनडातील त्या शेतकऱ्याला शेवाळ किनाऱ्यावर फुकट मिळत होते. इथे ते पिकवून, वाळवून, दळून समुद्रापासून शेकडो मैल आत न्यायचे, तर त्याचे दाम कोण मोजणार, या प्रश्नाचे उत्तर आम्ही वाचलेल्या एकाही निबंधात आम्हांला आढळले नाही.