सभासद होण्यापूर्वीचा प्रश्न : नेटवर्क मार्केटिंगच्या मूल्यमापनाची ऐतिहासिक पार्श्वभूमी (विशेष संदर्भ : पुणे व महाराष्ट्र)

प्रस्तावना

१९९७ मध्ये मुळा-मुठेच्या काठावरील खराडी हे गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. पुढच्याच वर्षी, मे १९९८ मध्ये, ॲमवे या अमेरिकन कंपनीने भारतात प्रत्यक्ष व्यवसायास आरंभ केला. या दोन घटनांत कोणताही कार्यकारणसंबंध नाही. तथापि त्यांनी सुरू केलेले दोन प्रवाह पुढील काळात एकमेकांना येऊन मिळाले. नगर रस्त्यालगतच्या शेतजमिनींवर इऑन फ्री झोन, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. जुन्या रहिवाशांच्या हाती जमिनीच्या व्यवहारातील एकरकमी पैसा आला, नव्या रहिवाशांच्या हाती गृहकर्जाच्या हप्त्याने बांधलेला मासिक पगार. दोघांनाही दुसऱ्या उत्पन्नाचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होते. अशा वसाहतीत 'एका बिझनेसविषयी बोलायचे आहे, रविवारी वेळ काढा' हे निमंत्रण आता कोणालाही नवे राहिलेले नाही.

हे निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी काय तपासावे, हा प्रश्न सामान्यतः वाणिज्य वा व्यवस्थापन या विद्याशाखांचा मानला जातो. प्रस्तुत लेखात तो इतिहासाचा प्रश्न म्हणून मांडला आहे. कारण मूल्यमापनाच्या ज्या कसोट्या आज उपलब्ध आहेत त्या बंदी-कायद्यांतून, खटल्यांतून आणि फसगतींतून घडत गेल्या आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आढळतो : सभासदाला मिळणारा पैसा मालाच्या गिऱ्हाइकाकडून येतो की मागाहून येणाऱ्या सभासदाकडून? दर वेळी कायद्याने हा प्रश्न विचारला आणि दर वेळी योजनांनी त्याचे उत्तर अधिक आड दडवले.

भिशीपासून साखळीपर्यंत

महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला एकत्र पैसा गोळा करण्याची रीत नवी नाही. भिशीत बारा जण असतील तर बारा महिन्यांत प्रत्येकाची पाळी एकदा येते. जितके घातले तितकेच हाती येते आणि भिशी संपते. तिचे बळ तिच्या बंदिस्तपणात आहे. सभासद किती, हे पहिल्या दिवशी ठाऊक असते आणि कोणाचाही लाभ तेराव्या माणसावर अवलंबून नसतो. साखळीचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे. देवाच्या नावाने पोस्टकार्डे लिहून ठरावीक संख्येने पुढे पाठवण्याची प्रथा मागील पिढीने पाहिलेली आहे; तीत भीती होती आणि टपालखर्च होता, पण पैशाची देवघेव नव्हती. अमेरिकेतील डेन्व्हर शहरी १९३५ मध्ये पसरलेल्या साखळीपत्रांत यादीतील पहिल्या नावाला एक नाणे पाठवण्याची अट जोडली गेली आणि साखळीला आर्थिक रूप आले.

भारतात हा विषय शासनापुढे आला तो बक्षीस-चिटींच्या निमित्ताने. सोडतीत नाव निघालेल्या सभासदाचे पुढील हप्ते माफ, उरलेल्यांनी मुदतभर भरत राहावे आणि त्या ठेवी चालकाने बिनव्याजी वापराव्यात, असे त्यांचे सामान्य स्वरूप होते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाने १९७५ च्या अहवालात अशा योजनांवर बंदीची शिफारस केली. त्यानुसार 'बक्षीस चिटी व धन-परिसंचरण योजना (बंदी) अधिनियम, १९७८' संमत होऊन १२ डिसेंबर १९७८ पासून अमलात आला. नोंद घेण्याजोगे म्हणजे त्याच्या अवघा महिनाभर आधी जपाननेही अखंड साखळी योजनांना प्रतिबंध करणारा कायदा केला होता. जपानी कायद्यात अशा योजनेसाठी वापरलेल्या संज्ञेत 'को' हा शब्द येतो आणि तो आपल्या भिशीसारख्याच पारंपरिक मंडळींचा वाचक आहे. दोन्ही समाजांत जुन्या, विश्वासाच्या संस्थेचा वेष नव्या योजनेने पांघरला होता.

१९७८ च्या कायद्यातील व्याख्या आजही मूल्यमापनाचे पहिले साधन आहे. झटपट वा सहज पैसा मिळवून देणारी, किंवा सभासदनोंदणीशी निगडित घटनेवर पैसे देण्याच्या वचनाच्या बदल्यात पैसा वा मौल्यवान वस्तू स्वीकारणारी योजना धन-परिसंचरण योजना ठरते. मात्र याहून अधिक लक्ष देण्याजोगे कलम ३ आहे आणि ते फारसे वाचले जात नाही. अशी योजना चालवणे जसे निषिद्ध आहे तसेच तिचे सभासद होणे, अन्य प्रकारे तीत सहभागी होणे आणि तिच्या अनुषंगाने पैसे देणे वा घेणेही निषिद्ध आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ज्याने अकरा हजार रुपये भरले आणि ते वसूल करण्यासाठी आपल्या मेहुण्याला सभासद केले, तो फसलेला आहेच, पण कायद्याच्या शब्दांत तो सहभागीही आहे. सामान्य फसवणुकीत फिर्यादी व आरोपी वेगळे असतात. येथे ते एकाच माणसात एकवटू शकतात. म्हणूनच चौकशी सभासद होण्यापूर्वी करावी लागते. नंतर ती करणाऱ्याची जागाच बदललेली असते.

न्यायालयांनी या व्याख्येचा अर्थ सावकाश लावला. कोलकात्याच्या संचयिता या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये असे ठरवले की, केवळ अवाजवी व्याजदर देणे म्हणजे धन-परिसंचरण नव्हे. लाभ सभासदनोंदणीशी जोडलेला असला पाहिजे. अवाच्या सवा व्याजाचे वचन देणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्राला पुढे १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या रक्षणाचा निराळा कायदा करावा लागला. केरळमधील एका योजनेच्या प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली : आधीच्या सभासदाची रक्कम पुढच्यांच्या नोंदणीवर अवलंबून असेल, तर योजना १९७८ च्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

यामागील गणित शालेय आहे, तरी ते कागदावर मांडून पाहणारे थोडे. प्रत्येकाने फक्त सहा जण आणायचे असे धरले तर नवव्या पातळीवर १,००,७७,६९६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास होती. अकराव्या पातळीची गरज ३६ कोटींवर जाते आणि त्याच जनगणनेतील सारा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा होता. पण 'माणसे संपतील' हा आक्षेप सभेत सहज परतवला जातो : रोज नवी माणसे अठरा वर्षांची होतात, असे उत्तर ठरलेले असते. खरा आक्षेप वेगळा आहे. साखळी कोठेही थांबो, दहा हजारांवर थांबो की दहा लाखांवर, सहाच्या हिशेबात सुमारे पाच-षष्ठांश सभासद सर्वांत खालच्या थरात असतात आणि त्यांच्या खाली कोणीही नसते. दोनाच्या, म्हणजे 'डाव्या-उजव्या' हिशेबात हा वाटा निम्म्याहून अधिक असतो. हे प्रमाण सभासदांच्या मेहनतीने बदलत नाही.

वस्तू मध्ये आली

१९९० नंतरच्या खुल्या अर्थव्यवस्थेत ओरिफ्लेम (१९९५), मोदीकेअर (१९९६) आणि ॲमवे या कंपन्यांनी थेट विक्रीचे जाळे उभारले. हे जाळे आणि केवळ साखळी यांत फरक करणारी गोष्ट म्हणजे वस्तू. साबण, प्रसाधने, डबे, पूरक आहार हे खरोखर विकले आणि वापरले जातात आणि त्यावर प्रामाणिकपणे चार पैसे मिळवणारी माणसेही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वस्तू असणे हेच वैधतेचे प्रमाण मानले जाऊ लागले आणि तेथून गोंधळ सुरू झाला.

सभांमधून आवर्जून सांगितले जाते की, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ मध्ये ॲमवेला निर्दोष ठरवले. हे अर्धे खरे आहे. कमिशनने पिरॅमिडचा आरोप फेटाळला तो काही नियमांचा आधार घेऊन : वितरकाने घेतलेल्या मालापैकी किमान ७० टक्के माल दर महिन्याला विकला जावा, दहा निरनिराळ्या किरकोळ ग्राहकांना विक्री झाल्याचे दाखवावे आणि न विकलेला माल परत घेतला जावा. त्याच निर्णयात किमती ठरवून देण्याच्या पद्धतीवर आणि उत्पन्नाच्या फुगवलेल्या दाव्यांवर कमिशनने ठपका ठेवला होता. भारतात आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने जुलै २००७ मध्ये याच कंपनीची याचिका फेटाळताना तिची योजना प्रथमदर्शनी १९७८ च्या कायद्याच्या कक्षेत येते असे मत दिले. अंमलबजावणी संचालनालयाने एप्रिल २०२२ मध्ये कंपनीच्या ७५७ कोटींहून अधिक मालमत्तेवर टाच आणली. कंपनीने आरोप नाकारले असून तिचा व्यवसाय चालू राहिला आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने यातून घ्यावयाचा बोध एवढाच की, मोठे नाव हा पुरावा नव्हे; वर दिलेल्या तीन नियमांचे पालन आपल्याला बोलावणारी व्यक्ती स्वतः कसे करते, हे विचारावे.

पुढच्या टप्प्यात वस्तू विरळ होत गेली. स्पीक एशिया या सिंगापूरस्थित कंपनीने ११,००० रुपयांच्या वार्षिक वर्गणीत ऑनलाइन सर्वेक्षणे भरून आठवड्याला हजार रुपये मिळतील असे सांगितले, शिवाय नवे सभासद आणण्याचा मोबदला वेगळा. म्हणजे अकरा हजारांवर वर्षाला बावन्न हजार. येथे विचारावयाचा प्रश्न एकच होता : या उत्तरांचे पैसे कोण देतो? ग्राहक म्हणून ज्या नामांकित कंपन्यांची नावे घेतली जात त्यांपैकी काहींनी २०११ मध्ये असा संबंध नाकारला आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने त्याच वर्षी तपास हाती घेतला.

पुण्याच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रकरण गेनबिटकॉइनचे आहे. अमित भारद्वाज व त्याच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या या योजनेत गुंतवलेल्या बिटकॉइनवर अठरा महिने दरमहा १० टक्के परताव्याचे वचन होते. परतावा संगणकीय 'मायनिंग'मधून येतो असे सांगितले जाई आणि नवे गुंतवणूकदार आणणाऱ्यास बहुस्तरीय मोबदला मिळे. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाच्या योजनेच्याच चलनात दिला जाऊ लागला आणि त्याला बाजारात मोल उरले नाही. पुणे पोलिसांनी दाखल गुन्ह्यांत एप्रिल २०१८ मध्ये भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये खटला पूर्ण होण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला. मार्च २०२२ मध्ये तर तपासात पोलिसांना तांत्रिक साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच आभासी चलन वळवल्याच्या आरोपाखाली अटक झाली. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील गुन्ह्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला.

संगणक उद्योगाच्या या शहरात ही योजना तपासण्यास लागणारे ज्ञान दुर्मीळ नव्हते. मायनिंगमध्ये स्पर्धक यंत्रे वाढली की गणिताची काठिण्यपातळी वाढते, म्हणून त्याच यंत्राकडून मिळणारे बिटकॉइन सामान्यतः घटत जातात. अठरा महिने एकसारखे १० टक्के हे वचन ज्या यंत्रणेवर उभे असल्याचे सांगितले गेले, त्या यंत्रणेच्या स्वभावाशीच ते विसंगत होते. दुसरे असे की, दरमहा १० टक्के देणारे यंत्र ज्याच्याकडे आहे त्याला परक्याच्या भांडवलाची आणि त्यासाठी सभा भरवण्याची गरज का पडावी? हे प्रश्न सुचणारी माणसे खराडीच्या किंवा हिंजवडीच्या कोणत्याही कार्यालयात भेटतील.

तरीही ते विचारले जात नाहीत, कारण विचारायचे असतात ते मावसभावाला, जुन्या सहकाऱ्याला, माजी विद्यार्थ्याला. या व्यवसायाचे खरे भांडवल म्हणजे आधीपासूनची नाती. मावसभावाकडे ताळेबंद मागणे आपल्याकडे अविश्वास समजला जातो. त्यातून प्रशिक्षण सभांत शंका घेणाऱ्यास 'निगेटिव्ह' ठरवून त्याच्यापासून दूर राहण्याचा सल्ला दिला जातो. महाविद्यालयीन अध्यापकाकडे ही मंडळी विशेष अगत्याने येतात, कारण त्याच्या एका होकारामागे विद्यार्थ्यांची यादी असते. संगणक-शिक्षणाचे संच हीच 'वस्तू' म्हणून पुढे करणाऱ्या ईबिझ या कंपनीविरुद्ध सायबराबाद पोलिसांनी २०१९ मध्ये कारवाई केली, तेव्हा सभासदांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता.

आजची साधने

ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झाले. त्यांनुसार थेट विक्रीच्या आडून पिरॅमिड वा धन-परिसंचरण योजना चालवता येत नाही. विक्रेत्याकडून प्रवेश वा नोंदणी शुल्क घेता येत नाही, त्याच्याशी लेखी करार करावा लागतो, कंपनीला भारतात कार्यालय व तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो आणि विक्रेत्याने ओळखपत्राविना व पूर्वसंमतीविना ग्राहकाच्या घरी जाणे वर्ज्य आहे. व्यवहारात 'नोंदणी विनामूल्य, मात्र अमुक रकमेचा माल घ्यावा लागेल' अशी वाट काढली जाते. तेव्हा करारात 'सक्रिय' राहण्यासाठी मासिक खरेदीची अट आहे का, न विकलेला माल किती दिवसांत आणि किती कपात करून परत घेतला जातो, हे आधी वाचावे. ज्या दुकानदाराला आपल्या साखळीशी घेणेदेणे नाही त्याला ती वस्तू दाखवून या किमतीला ती खपेल का, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

उत्पन्नाच्या दाव्याची शहानिशा तर आणखी सोपी आहे आणि तिला नात्याचा संकोचही फारसा आड येऊ नये. कंपनीने दिलेल्या कमिशनमधून विहित मर्यादेपलीकडे उद्गम करकपात होते आणि ती ज्याच्या त्याच्या प्राप्तिकर खात्यावरील वार्षिक विवरणात दिसते. महिना लाखभर मिळवणाऱ्याला हे विवरण दोन मिनिटांत आपल्या भ्रमणध्वनीवर उघडता येते. त्यातून स्वतःच्या खरेदीचा, सभांच्या प्रवेशशुल्काचा, प्रवासाचा आणि वाटलेल्या नमुन्यांचा खर्च वजा करून उरलेला आकडा वर्षाच्या तासांनी भागावा. सभेत दाखवले जाते ते मात्र बहुधा एखाद्या धनादेशाचे छायाचित्र, तेही तिसऱ्याच कोणाचे, आणि तारखेच्या जागी अंगठा.