प्रतवारी आणि कुलूप : संगणकाच्या वेगाचा एक इतिहास



 संगणकाच्या प्रोसेसरवर छापलेला वेग आणि तो ओलांडू पाहणारे हौशी लोक यांचा हा इतिहास आहे. शाळेच्या पुस्तकात तो सापडणार नाही. परंतु राजे आणि लढाया यांच्याप्रमाणे यंत्रांनाही इतिहास असतो, आणि त्यातही सत्ता, व्यापार व युक्ती यांचा खेळ चाललेला दिसतो.

निपाणी परिसरात वाढलेल्यांना ‘प्रतवारी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एकाच शेतातली तंबाखूची पाने सारखी निघत नाहीत. पानापानांतला भेद निसर्गाचा असतो. भाव मात्र माणूस ठरवतो. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथील तंबाखू उत्पादक महामार्गावर ठाण मांडून बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले, ते भावाच्या प्रश्नावरच. त्या लढ्याशी संगणकाच्या गोष्टीची बरोबरी करणे अनुचित ठरेल. तथापि निसर्गाचा भेद कोठे संपतो आणि माणसाचा निर्णय कोठे सुरू होतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

प्रोसेसरचीही प्रतवारीच होते. सिलिकॉनच्या एका चकतीवर एकाच नमुन्याचे अनेक प्रोसेसर घडवले जातात. नमुना एक असला तरी गुण सारखे उतरत नाहीत. काही जलद चालतात, काही मंद, काही निकामी निघतात. प्रत्येकाची चाचणी घेऊन त्यावर वेगाचा आकडा छापतात. १९९३ साली इंटेल कंपनीचा पेंटियम बाजारात आला तो ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ अशा दोन वेगांत. पुण्यात जन्मलेले अभियंते विनोद धाम यांचे नाव या पेंटियमशी कायमचे जोडले गेले आहे. पुढे प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीच्या के-६ प्रोसेसरच्या घडणीतही त्यांचा वाटा होता.

हा वेग ठरतो कसा? मुख्य फलकावरून ठरावीक गतीने विद्युत्स्पंद येतात आणि प्रोसेसर आपल्या गुणकाने त्यांना गुणतो. ३३ ला २ ने गुणले की ६६. फलकावरची लहानशी खुंटी हलवून स्पंद किंवा गुणक वाढवता येत असे. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कारखान्यांची कारागिरी सुधारत गेली तसे बहुतेक प्रोसेसर वरच्या प्रतीचे उतरू लागले. बाजाराला मात्र स्वस्त माल हवा होता. मग चांगल्या मालावरही हलका आकडा छापला जाऊ लागला. हौशी लोकांनी नेमके हेच हेरले. त्याच वेळी काही लबाड व्यापारी मूळ आकडा खोडून मोठा छापीत आणि ग्राहकांस ठकवीत. या दोन्ही वाटा बंद करण्यासाठी कंपन्यांनी गुणकाला कुलूप घातले.

कुलूप आले तशा किल्ल्याही आल्या. १९९८ साली, म्हणजे ज्या वर्षी बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, इंटेलचा सेलेरॉन ३००-ए हा स्वस्त प्रोसेसर निघाला. त्याचा साडेचारचा गुणक पक्का होता. परंतु फलकाचा स्पंद ६६ वरून १०० वर नेला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावे, आणि पुष्कळसे नग तो वेग सुखाने पेलीत. २००० साली एएमडीने आपल्या अ‍ॅथलॉन व ड्यूरॉन प्रोसेसरांच्या पाठीवरचे सूक्ष्म विद्युत्सेतू लेसरने तोडून गुणक बंद केला. हौशी लोकांनी साधी शिसपेन्सिल घेतली आणि तुटलेल्या सेतूंवर रेघ ओढली. पेन्सिलीतले ग्राफाइट विजेचे वाहक असल्याने सेतू पुन्हा जुळले! पुढच्या वर्षीच्या अ‍ॅथलॉन एक्सपीमध्ये तोडलेल्या जागी खड्डेच पडले होते. तेव्हा ते डिंकासारख्या चिकट द्रव्याने बुजवून वर विद्युद्वाहक रंगाची रेघ मारण्यात आली. २००३ च्या अखेरीस एएमडीने कुलूप प्रोसेसरच्या पोटात नेले आणि ही वाट संपली.

२००९ मध्ये कथेला नवे वळण लागले. एएमडीचे तीन गाभ्यांचे काही फिनॉम प्रोसेसर वस्तुतः चार गाभ्यांचेच होते; चौथा गाभा झोपवलेला असे. काही फलकांवर तो जागा करता येई. एखाद्याचा चौथा गाभा निर्दोष निघे, तर दुसऱ्याचा खरोखरच सदोष असल्याने संगणक वारंवार कोलमडे. बाहेरून दोन्ही नग सारखेच दिसत. २०१० साली इंटेलने याच्याही पुढे जाऊन एका पेंटियममधील झाकलेली शक्ती ५० डॉलरच्या कार्डाने खुली करून देण्याचा प्रयोग केला. विकत घेतलेल्या वस्तूतील शक्ती पुन्हा विकत घ्यावी काय, यावर बरीच टीका झाली आणि २०११ मध्ये ती योजना बंद पडली.

परंतु प्रत्येक मर्यादा व्यापाऱ्याने घातलेली नसते. वेगाबरोबर उष्णता वाढते, आणि विद्युत्दाब वाढवावा लागला तर ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग आणि दाब दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले की उष्णता सुमारे एकतृतीयांशाने वाढते. त्यातही बंद पडणारा संगणक परवडला. ताणलेला प्रोसेसर कधी कधी चालू राहून निमूटपणे चुकीचे उत्तर देतो, हा धोका अधिक मोठा. २००४ साली खुद्द इंटेलला ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत सोडावा लागला आणि २००५ पासून एकाच गाभ्याला पळवण्याऐवजी दोन गाभे जोडण्याचा मार्ग रूढ झाला.

अनेकांना जोडण्याचा हा विचार पुण्यात आधीच रुजला होता. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडथळे आले, म्हणजे एका अर्थी कुलूपच लागले, तेव्हा १९८८ साली सी-डॅक ही संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्यात एकाच अतिवेगवान प्रोसेसरचा हट्ट न धरता अनेक प्रोसेसर एकत्र कामाला लावले होते.

विद्यार्थिमित्रहो, पेन्सिलीच्या रेघेने उघडणारे कुलूप माणसाने घातलेले होते. उष्णतेची भिंत निसर्गाची होती. पहिल्यासाठी युक्ती पुरली, दुसरीसाठी मार्गच बदलावा लागला. आपल्या वस्तूवर, किंबहुना आपल्या स्वतःवर, कोणी आकडा छापला तर तो कोणी छापला आणि कशावरून, हे अवश्य विचारावे. त्याचे उत्तर मात्र स्वतः चाचणी घेऊन, धीराने शोधावे.