काणुम पोंगल : चेन्नईची सहल आणि शेतीचे वर्ष

तमिळ सौर पंचांगातील तै महिन्याच्या आरंभी, म्हणजे 14 किंवा 15 जानेवारीच्या सुमारास येणारा पोंगल हा सण चार दिवस चालतो आणि त्याचा शेवटचा दिवस ‘काणुम पोंगल’, म्हणजे पाहण्या-भेटण्याचा पोंगल, म्हणून ओळखला जातो. या दिवशी आजी-आजोबांपासून तान्ह्या नातवंडांपर्यंत सगळे कुटुंब शिदोरी बांधून घराबाहेर पडते आणि नातलगांकडे, नदीकाठी, देवळांत किंवा समुद्रावर दिवस घालवते. चेन्नई आणि तिच्या भोवतीचा चेंगलपट्टू प्रदेश यांच्या इतिहासात या सहलीला वेगळे महत्त्व आहे, कारण गेली दीड शतके हा दिवस शहराला त्याच्या शेतीप्रधान परिसराशी जोडत आला आहे. ही सहल शेतीच्या कामापासून काढलेली पळवाट नव्हती. ती शेतीच्या वर्षाचाच एक भाग होती, आणि तिची वेळ, तिची लांबी व तिचा परतीचा दिवस ही तिन्ही भात आणि बैल यांनी ठरवून दिलेली होती, असे या दिवसाच्या इतिहासावरून दिसते.

सणाचा पहिला दिवस भोगीचा असतो आणि तो मराठी वाचकाला परिचित आहे. जुन्या, निरुपयोगी वस्तू जाळून घर स्वच्छ करण्याची चाल तमिळ भोगीत ठळक दिसते. दुसऱ्या दिवशी नव्या तांदळाचा गूळ घातलेला भात उघड्यावर नव्या मडक्यात शिजवून तो उतू जाऊ देतात व सूर्याला अर्पण करतात. तिसरा दिवस ‘माट्टु पोंगल’ म्हणजे गुराढोरांचा पोंगल होय. महाराष्ट्रात पोळा श्रावण किंवा भाद्रपद अमावास्येला येतो, तमिळ प्रदेशात मात्र बैलांच्या पूजेचा मान कापणीनंतरच्या या दिवसाला असून गुरांना न्हाऊमाखू घालून, शिंगे रंगवून, गळ्यात माळा व घंटा बांधून पोंगलचा घास भरवला जातो. चौथ्या दिवसाला तमिळनाडू शासनाच्या सुट्ट्यांच्या यादीत ‘उळवर तिरुनाळ’, म्हणजे नांगरणाऱ्यांचा सण, असे नाव असून त्याच्या आदल्या दिवशी तिरुवळ्ळुवर दिन असतो. ज्या कवीच्या ‘तिरुक्कुरळ’ या ग्रंथाचा एकशे चौथा अध्याय संपूर्णपणे शेतीला वाहिलेला आहे, त्याचा आणि नांगरणाऱ्याचा दिवस असे लागोपाठ यावेत यात औचित्य आहे. ज्या दिवशी चेन्नईचा समुद्रकिनारा माणसांनी फुलून जातो, तो दिवस सरकारदरबारी शेतकऱ्याच्या नावे नोंदलेला आहे.

सहलीसाठी हाच काळ का निवडला गेला, याचे उत्तर पावसात आहे. महाराष्ट्रात नैऋत्य मोसमी पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि खरिपाची सुगी दिवाळीच्या आगेमागे होते. चेन्नईच्या परिसराला मात्र ईशान्य मोसमी वारे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मोठा पाऊस देतात. ऑगस्टच्या सुमारास पेरलेले ‘सांबा’ हे लांब मुदतीचे भात याच पाण्यावर वाढते आणि जानेवारीत कापणीला येते. त्या वेळी तळी भरलेली असतात, धान्य हाताशी येऊ लागलेले असते, पावसाने चिखल झालेल्या वाटा वाळून गाडीचे चाक धरू लागतात आणि उन्हाळ्याचा ताप अजून दूर असतो. तै महिना जन्मला की वाट जन्मते, अशा अर्थाची एक तमिळ म्हण आहे. ती सामान्यतः शुभारंभाच्या अर्थाने वापरतात, पण बैलगाडीने प्रवास करणाऱ्या समाजाला ती अक्षरशः खरी वाटली असणार.

चेन्नई हे शहर स्वतःच खेड्यांचे बनलेले आहे. 1639 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला किनाऱ्यावरची जमीन मिळाली आणि तेथे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला. पुढे तिरुवल्लिकेणी 1676 च्या सुमारास, एळुंबूर, पुरसैवाक्कम व तोंडैयारपेट 1693 मध्ये, नुंगंबाक्कम आणि आणखी चार गावे 1708 मध्ये, तर मैलापूर 1749 मध्ये कंपनीच्या ताब्यात आले. या गावांना स्वतःची देवळे, भातखाचरे आणि ‘एरी’ होत्या. एरी म्हणजे उतारावरचे पावसाचे पाणी मातीच्या लांब, अर्धवर्तुळाकार बांधाने अडवून तयार केलेला सिंचनाचा तलाव. वरच्या एरीतून ओसंडलेले पाणी खालच्या एरीत जाते आणि अशा साखळीने संपूर्ण प्रदेशाला पाणी पुरते. थॉमस बार्नार्ड याने 1767 ते 1774 या काळात कंपनीच्या जहागिरीतील, म्हणजे चेंगलपट्टू प्रदेशातील, सुमारे 2000 गावांची पाहणी केली, तेव्हा हीच रचना त्या प्रदेशाच्या शेतीचा कणा होती, आणि 1790 च्या दशकात जिल्हाधिकारी असलेल्या लायनेल प्लेस याला महसूल वाढवण्यासाठी सर्वप्रथम तलावांची दुरुस्तीच हाती घ्यावी लागली.

मात्र या शेतीत सर्वांचा वाटा सारखा नव्हता, आणि सणाच्या सहलीचा इतिहास लिहिताना ही विषमता बाजूला ठेवता येत नाही. गावातील जमीन ‘मिरासी’ हक्काने, म्हणजे वंशपरंपरागत वाट्यांनी, मुख्यतः वेळ्ळाळ व ब्राह्मण कुटुंबांकडे होती, तर नांगरणी, लावणी, पाणी देणे आणि गुरे राखणे ही कामे ‘पण्णैयाळ’, म्हणजे मालकाच्या शेताशी बांधलेले मजूर, करीत. त्यांतील बहुसंख्य दलित होते. गुलामगिरीला कायद्याचा आधार न राहण्याची तरतूद 1843 मध्ये झाली तरी कर्जाच्या आणि रूढीच्या बंधनातून ही माणसे सुटली नाहीत. चेंगलपट्टूचे जिल्हाधिकारी ट्रेमेनहीर यांनी 1891 मध्ये या मजुरांच्या स्थितीवर सविस्तर टिपण सादर केले आणि त्यानंतर 1892 पासून दलितांना देण्यासाठी जमिनी राखून ठेवण्याचे धोरण आले. या जमिनी आजही ‘पंचमी’ जमिनी म्हणून ओळखल्या जातात. गाडी जोडून सहलीला निघणे ज्याच्याकडे बैल आणि गाडी होती त्यालाच शक्य होते, आणि त्याच्या गोठ्यातील उरलेली गुरे मागे कोणीतरी सांभाळत होते, हे सत्य या सणाच्या आनंदाशेजारी नोंदवलेच पाहिजे.

बैलगाडीचा वेग ताशी साधारण तीन-चार किलोमीटर असतो. पूनमल्ली हे गाव चेन्नईच्या मध्यभागापासून सुमारे 20 किलोमीटर, तर चेंगलपट्टू सुमारे 55 किलोमीटर दूर आहे. त्यामुळे पूनमल्लीच्या बाजूची गाडी मध्यरात्रीनंतर निघाली तर सकाळी शहरात पोहोचू शकत होती, पण चेंगलपट्टूच्या गाडीला वाटेत मुक्काम केल्याशिवाय गत्यंतर नव्हते. जड सामानाची साधी गाडी आणि माणसांसाठी वर कमानीसारखे छत असलेली गाडी असे दोन प्रकार प्रचलित होते. छताच्या गाडीत गवत पसरून त्यावर चटई अंथरली की म्हातारी माणसे आणि मुले रात्रभर झोपून प्रवास करू शकत, आणि तेच गवत परतताना बैलांच्या उपयोगी पडे. शिदोरीला चिंचेचा, लिंबाचा, खोबऱ्याचा आणि दह्याचा असे भाताचे प्रकार असत, ज्यांना एकत्रितपणे ‘चित्रान्न’ म्हणतात. त्यांतील चिंचेचा भात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो, म्हणून प्रवासात त्याला विशेष मान होता. मुक्कामासाठी दक्षिणेत ‘छत्रे’ म्हणजे धर्मशाळा होत्या. तंजावरच्या भोसले राजांनी अशी अनेक छत्रे बांधली व त्यांना उत्पन्ने लावून दिली, आणि सरफोजी दुसरे यांच्या कारकिर्दीतील ओरथनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांत प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ येणारी प्रथा म्हणजे लातूर, धाराशिव, सोलापूर आणि नांदेड भागांतील वेळा अमावास्या, जिला तेथील लोक ‘येळवस’ म्हणतात. मार्गशीर्ष अमावास्येला गावे आणि शहरे ओस पडतात, कुटुंबे आंबिलाचे मडके व भज्जी घेऊन शेतात जातात, कडब्याची खोप करून पूजा करतात आणि नातलगांना जेवायला बोलावतात. दोन्ही प्रथांत पिकाच्या एका निश्चित टप्प्यावर सगळे कुटुंब एकत्र प्रवास करते. फरक दिशेचा आहे. येळवशीला घरातली माणसे शेताकडे जातात, तर चेन्नईच्या परिसरातील काणुम पोंगलला शेतावरची माणसे शहराकडे येत.

शहरात त्यांच्यासाठी पाहण्याजोगे बरेच काही एकोणिसाव्या शतकात उभे राहिले. 1851 मध्ये सरकारी संग्रहालय स्थापन झाले आणि लवकरच ते एळुंबूरच्या पँथिऑन आवारात आले. त्याचे पहिले प्रमुख एडवर्ड बाल्फर यांनी 1855 मध्ये तेथेच प्राणी ठेवण्यास सुरुवात केली आणि 1860 च्या दशकात हे प्राणी रेल्वे स्थानकाजवळच्या पीपल्स पार्कमध्ये हलवले गेले. खेड्यांतून येणारे लोक संग्रहालयाला ‘सेत्त कॉलेज’ म्हणजे मेलेल्यांचे कॉलेज आणि प्राणिसंग्रहालयाला ‘उयिर कॉलेज’ म्हणजे जिवंतांचे कॉलेज म्हणत. ही दोन्ही ठिकाणे पूनमल्लीच्या रस्त्यालगत किंवा त्याच्या जवळ होती, म्हणून पश्चिमेकडून येणाऱ्या गाड्यांना ती आधी लागत आणि समुद्र शेवटी येई. समुद्रावरचा फिरण्याचा प्रशस्त रस्ता 1884 मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांच्या कारकिर्दीत बांधला गेला आणि त्याला ‘मरीना’ हे नाव त्यांनीच दिले. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफ यांचे ते पुत्र होत आणि मुंबईच्या गव्हर्नराच्या नावावरून त्यांचे नाव ठेवले गेले होते. 1909 मध्ये मरीनावर मत्स्यालयही उघडले. ज्ञानप्रसारासाठी निर्माण झालेल्या या संस्थांना सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला तो सणाच्या दिवशी नातवंडांना खांद्यावर घेऊन येणाऱ्या शेतकरी कुटुंबांचा, आणि या संस्थांच्या इतिहासात त्या प्रेक्षकाला मानाचे स्थान मिळायला हवे.

सहल लांबवता येत नसे, कारण काम थांबवून चालत नसे. कापलेल्या सांबा भाताची मळणी करून ते उफणायचे, वाळवायचे आणि बियाणे वेगळे काढायचे असते. पेंढा रचून वर्षभराच्या वैरणीची सोय करायची असते. दुभत्या जनावरांची धार तर सणाच्या दिवशीही चुकत नाही. चेंगलपट्टू आणि तिरुवळ्ळूर भागात तलावात पाणी असेल तर याच सुमारास ‘नवरै’ या कमी मुदतीच्या भाताचा हंगाम सुरू होतो, आणि कावेरीच्या खोऱ्यात भात कापण्याच्या आठवडाभर आधी उभ्या पिकातच उडीद किंवा मूग फेकून पेरतात, जेणेकरून जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर ते वाढेल. ओल वाळू लागली की ही संधी जाते. माट्टु पोंगलला ज्या बैलांची पूजा झाली, काणुम पोंगलला ज्यांनी गाडी ओढली, तेच बैल त्यानंतर मळणीच्या खळ्यावर फिरत; सण आणि काम यांच्यामध्ये सवडीचा दिवस नव्हता.

या व्यवस्थेची दिशा प्रथम रेल्वेने आणि नंतर नोकरीने बदलली. 1856 मध्ये रॉयपुरम स्थानकातून दक्षिण भारतातील पहिली प्रवासी रेल्वे धावू लागली, 1895 मध्ये शहरात विजेच्या ट्राम आल्या, 1931 मध्ये समुद्रकिनारा ते तांबरम ही विजेवरची उपनगरी गाडी सुरू झाली आणि रात्रभराचा गाडीप्रवास काही तासांवर आला. याच वाहनांनी शेतकऱ्यांची मुले कचेऱ्या, गिरण्या आणि कारखान्यांकडे आणली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोंगलचा मुख्य प्रवास उलटा झाला : आता लाखो लोक सणाआधी चेन्नईतून गावाकडे जातात, त्यांच्यासाठी परिवहन महामंडळे हजारो जादा बस सोडतात, आणि दक्षिणेकडील बसगाड्यांसाठी किळांबाक्कम येथे बांधलेले नवे स्थानक 30 डिसेंबर 2023 रोजी खुले झाले. जे शहरात राहतात किंवा जवळच्या जिल्ह्यांतून येतात, ते अजूनही मरीनावर आणि 1985 मध्ये वंडलूरला हलवलेल्या सुमारे 602 हेक्टरच्या प्राणिउद्यानात गर्दी करतात. मरीनावर त्या दिवशी समुद्रात उतरण्यास बंदी असते आणि हरवलेले मूल सापडावे म्हणून पोलीस लहान मुलांच्या मनगटावर पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली पट्टी बांधतात.

दिशा उलटली तेव्हा परतण्याचा अर्थही बदलला. पूर्वी आजोबा आणि नातू एकाच गाडीतून एकाच खळ्याकडे परतत असत आणि मळणीचे, गोठ्याचे, पाणी सोडण्याचे ज्ञान त्या सहवासातून पुढच्या पिढीकडे जात असे; आता सण संपला की आजी-आजोबा एकटे गोठ्याकडे वळतात आणि नातवंडे बसने चेन्नईला जातात. कापणी भाड्याने आणलेल्या यंत्राने होते, नांगरणी ट्रॅक्टरने, आणि बैल अनेक घरांत उरलेले नाहीत. जानेवारी 2017 मध्ये जल्लिकट्टू या बैल आवरण्याच्या खेळावरील बंदीविरुद्ध मरीनावर मोठे आंदोलन उभे राहिले. पोंगलच्या सुट्ट्या संपत असतानाच शहरी तरुणांनी देशी गुरांच्या जाती वाचवण्याची मागणी केली आणि 23 जानेवारीला विधानसभेने कायदा संमत केला. त्या खेळाविषयी मतभेद असले तरी गोठ्यापासून दूर गेलेल्या पिढीला त्या गोठ्याचे महत्त्व किती तीव्रतेने वाटते, हे त्यातून दिसले.

शहरानेही या नात्याची किंमत मोजली आहे. 1920 च्या दशकात मैलापूरचा लांब तलाव बुजवून त्यागराय नगर वसवले गेले आणि पुढे अनेक एरींवर वसाहती उभ्या राहिल्या. ज्या शहराने भातशेतीचे पाणी साठवण्याच्या जागा गमावल्या, ते डिसेंबर 2015 मध्ये पुरात बुडाले आणि 2019 च्या उन्हाळ्यात तहानेने व्याकूळ झाले. त्यामुळे काणुम पोंगलचे जतन केवळ सुट्टी आणि गर्दीचे नियोजन करून होणार नाही. उरलेल्या एरी वाचल्या, त्यांच्याखालच्या शेतीला रास्त मोबदला मिळाला आणि पंचमी जमिनी ज्यांच्या होत्या त्यांच्या हाती राहिल्या, तरच नातवंडांना पाहायला नेण्यासारखे आणि मोठेपणी परत येण्यासारखे काही तेथे शिल्लक राहील. नांगरणाऱ्याच्या नावाने दिलेली सुट्टी सार्थ ठरवण्याचा दुसरा मार्ग चेन्नईपुढे नाही.